गाड्याबरोबर नळ्याची यात्रा कधी थांबते: यीस्टच्या हजार पिढ्यांचं एक प्रकरण

यीस्टच्या काही लाइन्स (म्हणजे वेगवेगळे वाढवलेले वंश) घेतल्या, सगळ्या एकाच पूर्वजापासून काढलेल्या, सगळ्यांना वाढायला सारखंच द्रव दिलं आणि जवळजवळ १००० पिढ्या वाढू दिलं. फरक एकच ठेवला. काही लाइन्सना दर ९० पिढ्यांनी मेटिंग करायला लावलं, म्हणजे दोन पेशींचा डीएनए एकत्र यायचा, त्यात अदलाबदल व्हायची आणि मग तो परत वेगवेगळ्या पेशींत वाटला जायचा. बाकीच्या लाइन्सना हे कधीच करू दिलं नाही, त्या एकीच्या दोन, दोनाच्या चार अशा नुसत्या फुटत राहिल्या. शेवटी मोजलं तर मेटिंगवाल्या लाइन्स त्या परिस्थितीशी जास्त वेगाने जुळवून घेत गेल्या होत्या. मायकेल मॅकडॉनल्ड, डॅनियल राइस आणि मायकेल देसाई यांचं हे हार्वर्डमधलं काम, २०१६ मध्ये नेचरमध्ये छापून आलं.

आता नुसता निकाल ऐकला तर त्यात फार धक्का बसण्यासारखं काही नाही, सेक्समुळे उत्क्रांतीचा वेग वाढतो असं शंभरेक वर्षं म्हटलं जातंच आहे. मला हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं ते दुसऱ्याच कारणासाठी. या लोकांनी फक्त सुरुवात आणि शेवट नाही बघितला, मधेमधे नमुने काढून अख्ख्या पॉप्युलेशनचा डीएनए वाचला, त्यामुळे कुठलं म्युटेशन (डीएनएमधला नवा बदल) कधी आलं, किती वाढलं, कोणाच्या पाठीवर बसून वर गेलं आणि कोण मधेच गळालं हे सगळं दिसलं. रिकॉम्बिनेशन, म्हणजे मेटिंगमधली डीएनएची ही अदलाबदल, नेमकं काय करतं हे इतकं उघड बघायला मिळणं फार दुर्मिळ आहे, आणि बघितल्यावर लक्षात येतं की आपण जे कारण पहिलं सांगतो (चांगली म्युटेशन्स एकत्र येतात) ते अर्धंच आहे.

आधी काय म्हणत होते

ऑगस्ट वाइसमान यांनी १८८० च्या दशकातच म्हटलं होतं की सेक्समुळे विविधता तयार होते आणि नैसर्गिक निवडीला काम करायला माल मिळतो. मग १९३० मध्ये रोनाल्ड फिशर आणि १९३२ मध्ये हर्मन मलर यांनी मुद्दा जास्त नेमका केला. दोन चांगली म्युटेशन्स दोन वेगळ्या जीवांत आली तर अलैंगिक वंशात ती एकत्र येणारच नाहीत, एकाच्याच वंशात दुसरं नव्याने घडायची वाट बघावी लागेल. रिकॉम्बिनेशन असेल तर ती एका पिढीत भेटू शकतात. १९६६ मध्ये विल्यम हिल आणि ॲलन रॉबर्टसन यांनी तेच गणितात बसवलं, की एकाच डीएनएवर शेजारी असलेली म्युटेशन्स एकमेकांच्या निवडीत अडथळा आणतात, आणि हा अडथळा सुटायला रिकॉम्बिनेशन लागतं.

विरुद्ध बाजूही कच्ची नव्हती हे सांगायलाच हवं. सेक्सला वेळ लागतो, जोडीदार लागतो, आणि जिथे नर आपल्या बाजूने जवळजवळ काहीच गुंतवणूक करत नाही तिथे तर खर्च दुप्पट पडतो (जॉन मेनार्ड स्मिथ यांचा हा प्रसिद्ध मुद्दा, यीस्टला मात्र तो लागू पडत नाही कारण तिथे दोन्ही पेशी सारख्याच आकाराच्या, कुणी फुकट बसलेलं नाही). आणि सगळ्यात बोचणारा आक्षेप असा, की जे रिकॉम्बिनेशन चांगली जोडी जमवतं तेच रिकॉम्बिनेशन जमलेली चांगली जोडी मोडतंही. मग निव्वळ फायदा राहतो कुठे? हा प्रश्न वाद घालून सुटणारा नव्हताच, प्रयोगच करायला पाहिजे होता.

यीस्टच का

यीस्टची गंमत ही की त्याला दोन्ही जमतं. पेशी आपली आपण कळी धरून वाढत राहते आणि वाटलं तर मेटिंगही करते. त्यात दोन प्रकार असतात, ए आणि अल्फा. ए आणि अल्फा भेटले की दोन्ही मिळून एक पेशी होते जिच्यात क्रोमोसोमचे दोन संच असतात, तिची उपासमार केली की ती मायोसिस करते (डीएनएची अदलाबदल करून संच निम्मे करणारं विभाजन) आणि एका पिशवीत चार स्पोर, म्हणजे बीजाणू, तयार होतात, प्रत्येकात एकेकच संच, दोन ए आणि दोन अल्फा. जीनोम लहान आहे, साधारण १ कोटी २० लाख अक्षरं, १६ क्रोमोसोम, ६००० च्या आसपास जीन्स. आणि रिकॉम्बिनेशन दणकून होतं, एका मायोसिसमध्ये सरासरी ९० च्या आसपास क्रॉसओव्हर. १६ क्रोमोसोमवर ९०, म्हणजे एकेका क्रोमोसोमवर पाचसहा ठिकाणी तुकडे अदलाबदल. यातून निघालेला स्पोर आईबापांपैकी कुणाचीच हुबेहूब कॉपी नसतो.

दुसरा मोठा फायदा फ्रीझरचा. दर थोड्या दिवसांनी नमुना काढून उणे ८० डिग्रीला ठेवला की तो तिथे जिवंत थांबून राहतो, नंतर कधीही काढून वाढवता येतो. म्हणजे पूर्वज, मधल्या पिढ्या, शेवटची पिढी हे सगळे एकाच वेळी समोर ठेवून त्यांची थेट शर्यत लावता येते. वेगळ्या रंगात चमकणारी संदर्भ पेशी बरोबर मिसळायची, काही पिढ्या वाढू द्यायचं आणि कोणाचं प्रमाण किती सरकलं ते मोजायचं, त्यातून फिटनेसचा आकडा येतो. मला हे फार आवडतं, कारण उत्क्रांतीवर बोलताना फिटनेस हा शब्द लोक हवा तसा वापरतात, इथे त्याचा अर्थ एकदम ठोस आहे. एका पिढीत तू समोरच्यापेक्षा किती टक्क्यांनी पुढे जातोस, बस.

न मिसळणाऱ्या लाइनमध्ये काय होतं, आकडे मांडून

हे नीट कळायला एक हिशोब करून बघू. आकडे मी सोयीसाठी धरलेत, प्रयोगातले नाहीत, पण चाल तीच.

समजा एक लाख पेशी आहेत. यीस्टमध्ये अख्ख्या जीनोममागे नवीन म्युटेशन अंदाजे दर तीनशे विभाजनांना एक असं येतं, म्हणजे लाख पेशींत दर पिढीला तीनेकशे नवी म्युटेशन्स. बहुतेक बिनकामाची, बरीच थोडीफार वाईट, एखादं दुसरं चांगलं. त्यातलं एक चांगलं म्युटेशन घेऊ, अ, पिढीमागे ५ टक्के फायदा देणारं. लाखात एक इथपासून निघून निम्म्या पॉप्युलेशनपर्यंत पोचायला त्याला साधारण २३५ पिढ्या लागतात. सुरुवातीला काहीच दिसत नाही, ९० पिढ्यांनंतरही ते दहा हजारात आठच्या आसपास असतं, १८० व्या पिढीला सहा टक्के, आणि मग एकदम उसळी घेऊन २७० व्या पिढीला ८० टक्क्यांच्या वर. ही चाल लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता त्याच काळात दुसऱ्या एका पेशीत ब हे म्युटेशन आलं, ६ टक्के फायदा देणारं, अ पेक्षा सरसच. पण ते उशिरा आलं. ते वर चढायला लागेपर्यंत अ नं मैदान मारलेलं. आता ब ची शर्यत मूळ पूर्वजाशी राहिली नाही, अ शी आहे, आणि अ च्या तुलनेत ब चा फायदा जेमतेम १ टक्का. अ शंभर आणि ब एक अशी स्थिती असेल तर नुसती बरोबरी करायलाच ब ला पावणेपाचशेहून जास्त पिढ्या लागतील, आणि तेवढ्यात अ च्या वंशात आणखी एखादं चांगलं म्युटेशन आलं की ब चा खेळ खलास. ब वाईट होतं म्हणून गेलं का? नाही. चुकीच्या घरात जन्मलं म्हणून गेलं. याला क्लोनल इंटरफिअरन्स म्हणतात, आणि पॉप्युलेशन जितकं मोठं तितका हा प्रकार जास्त, कारण एकाच वेळी शर्यतीत उतरलेले चांगले वंश जास्त, आणि जिंकणार त्यातला एकच. मोठ्या पॉप्युलेशनला चांगली म्युटेशन्स भरपूर मिळतात पण त्यातली बरीचशी वाया जातात, ही खरी नासाडी आहे.

आणि याचीच दुसरी बाजू. जिंकणारा वंश एकटा जिंकत नाही. अ ज्या पेशीत आलं तिच्यात आधीपासून ड नावाचं एक म्युटेशन होतं, २ टक्के तोटा देणारं. दोन्ही मिळून निव्वळ फायदा साधारण ३ टक्के उरतो, म्हणजे वंश तरीही जिंकतोच, फक्त २३५ च्या जागी ४०० पिढ्या घेतो. आणि जिंकला की ड सगळ्यांच्या वाट्याला येतं, कायमचं. आपल्याकडे गाड्याबरोबर नळ्याची यात्रा म्हणतात ना, तेच अगदी तंतोतंत, गाडा यात्रेला निघालाय आणि त्याला बांधलेला नळा आपोआप जाऊन पोचतो. उलटंही होतं, चांगलं म्युटेशन वाईट सोबतीत अडकलं तर सुक्याबरोबर ओलं जळतं तसं त्या वंशाबरोबर संपतं.

मॅकडॉनल्ड आणि मंडळींच्या अलैंगिक लाइन्समध्ये हे आलेखावर सरळ दिसतं. म्युटेशन्सच्या रेषा सुट्या चालत नाहीत, जुडगे करून चालतात. चारपाच म्युटेशन्स एकदम, एकाच वेगाने, एकमेकांना चिकटून वर जातात, कधीकधी अर्ध्यापर्यंत जाऊन तेवढीच एकदम खाली येतात कारण दुसरं जुडगं त्यांच्यापेक्षा जोरात निघालं. त्या जुडग्यातलं गाडा ओढणारं कोण आणि नुसतं बांधलेलं कोण हे रेषेकडे बघून सांगताच येत नाही. आणि निवडीलाही ते सांगता येत नाही, ती अख्ख्या जुडग्याचीच किंमत करते.

९० व्या पिढीला मिसळलं की

आता तीच परिस्थिती, पण दर ९० पिढ्यांनी मेटिंग. अ आणि ड दोन्ही असलेली पेशी आहे, अजून पॉप्युलेशनमध्ये थोडीच आहे, त्यामुळे मेटिंगला तिला जो जोडीदार मिळेल तो बहुतेक अ आणि ड दोन्ही नसलेला असणार. अ आणि ड वेगळ्या क्रोमोसोमवर असतील तर त्या जोडीतून निघणाऱ्या स्पोरपैकी सरासरी चारात एक असा निघतो की ज्यात अ आहे पण ड नाही. झालं, नळा सुटला. पुढच्या ९० पिढ्यांत हा नुसता अ वाला वंश पिढीमागे दोन टक्क्यांनी अ-ड वाल्याच्या पुढे, आणि ड बिचारं एकटं पडलेलं, आता त्याला ओढून न्यायला कुणी नाही, ते घटत जातं.

इथे मघाची चाल आठवा. ५ टक्केवालं म्युटेशन १८० व्या पिढीला सहा टक्क्यांवर आणि २७० व्या पिढीला ८० च्या वर. म्हणजे १८० व्या पिढीचं मेटिंग अगदी मोक्याच्या वेळी येतं, अ वाल्या पेशी हजारोंनी आहेत आणि तरी जोडीदार मात्र बहुतेक दुसऱ्या वंशातले. २७० व्या पिढीला तसं नसतं, तेव्हा बहुतेक जोड्या अ आणि अ अशाच, एकाच वंशातल्या, त्यांनी डीएनएची कितीही अदलाबदल केली तरी हातात पुन्हा तेच येणार. माझ्या मते ही गोष्ट फार कमी सांगितली जाते. सारख्याला सारखं मिसळून काहीच होत नाही. रिकॉम्बिनेशन किती होतं याच्याइतकंच ते कधी होतं याला महत्त्व आहे, म्युटेशनची चढण चालू असताना ते झालं पाहिजे, चढण संपल्यावर नाही.

चांगल्या जोडीचंही तसंच. अ आणि ब वेगळ्या वंशात आहेत, मेटिंगमध्ये अ ची पेशी ब च्या पेशीला भेटली की त्यांच्या स्पोरपैकी सरासरी पाव अ-ब दोन्ही घेऊन निघतात. असा वंश पिढीमागे ११ टक्क्यांच्या आसपास पुढे, लाखात एक पासून निम्म्यापर्यंत त्याला ११० च्या आत पिढ्या पुरतात. दोघांची भांडणं मिटून एकाच गाड्याला जुंपली जातात. पण त्याच मायोसिसमध्ये पाव स्पोर असेही निघतात की ज्यांत अ नाही आणि ब पण नाही, ते मागे पडणार. म्हणजे रिकॉम्बिनेशन त्या क्षणी सरासरी काही सुधारत नाही बरं का, ते फक्त मधले मधले जीव मोडून एका टोकाला फार चांगले आणि दुसऱ्या टोकाला फार वाईट असे पसरवून देतं, आणि मग निवडीचं काम सोपं होतं. वाइसमान म्हणत होते ती विविधता ती हीच, फक्त आता ती मोजता येते.

आणि मेटिंगवाल्या लाइन्सचे आलेख खरोखर वेगळे दिसतात. जुडगी सुटलेली असतात. एखादी रेषा वर चाललेली असते आणि तिच्यासोबत निघालेली दुसरी रेषा मेटिंगनंतर वळून खाली येते. जी शेवटपर्यंत पोचतात ती आपापल्या जोरावर पोचतात.

मला सगळ्यात पटलेला पुरावा

रेषांवरून अंदाज बांधणं एक आणि सिद्ध करणं एक. यात दोन गोष्टी अशा आहेत की ज्यांनी मला हे प्रकरण पक्कं वाटतं.

पहिली, शेवटी सगळ्या पॉप्युलेशनमध्ये पसरलेली म्युटेशन्स कुठल्या जातीची आहेत ते. डीएनएमधले काही बदल प्रोटीन बदलतात, काही बदल जीनमध्ये असूनही प्रोटीन तेच ठेवतात, काही दोन जीन्सच्या मधल्या जागेत पडतात. फायदा किंवा तोटा बहुतेक पहिल्या जातीतून येतो, बाकीचे बरेचसे निरुपद्रवी प्रवासी. अलैंगिक लाइन्समध्ये शेवटपर्यंत पोचलेल्यांत सगळ्या जाती सापडतात, प्रवासीसकट. मेटिंगवाल्या लाइन्समध्ये म्युटेशन्स उगवतात तशीच, पण शेवटपर्यंत पोचणारी थोडी आणि ती जवळजवळ सगळी प्रोटीनला हात घालणारी. दोन चाळण्या, एकीत गाळ अडकून राहतो आणि दुसरीतून गाळासकट सगळं खाली येतं असं आहे ते.

दुसरी गोष्ट अजून थेट. पोचलेली म्युटेशन्स वेगळी करून त्यांची एकेकाची किंमत मोजली. उत्क्रांत झालेली पेशी आणि पूर्वज यांचं मेटिंग करायचं, त्यातून निघालेल्या पुष्कळ पिल्लांत म्युटेशन्स वेगवेगळ्या जोड्यांत वाटली जातात, मग प्रत्येकाचा फिटनेस मोजून कुठल्या म्युटेशनचा वाटा किती ते काढायचं. (इथेही काम रिकॉम्बिनेशनच करतंय, सोबतीपासून सोडवून एकेकट्याला तपासायला दुसरा चांगला मार्गच नाही, हे मला फार समर्पक वाटतं.) अलैंगिक लाइन्समध्ये संपूर्ण पॉप्युलेशन व्यापलेल्या म्युटेशन्सपैकी काही चक्क तोट्याची निघाली. जिंकलेल्या वंशात, जिंकलेल्या पेशीत, तोट्याचं म्युटेशन मानाने बसलेलं. मेटिंगवाल्या लाइन्समध्ये तसं सापडलं नाही.

म्हणजे वेगाचा फरक दोन्हीकडून येतो, चांगली एकत्र येतात आणि वाईट सुटतात. फिशर आणि मलर यांच्या नावाने आपण पहिलं कारण सांगतो आणि दुसरं तळटीपेत टाकतो. मलर यांनी स्वतः १९६४ मध्ये वाईट म्युटेशन्स साठत जाण्याबद्दल लिहिलं होतं, एकदा पुढे सरकलेला दात मागे येत नाही अशा चाकासारखं, पण ती कल्पना बहुधा लहान पॉप्युलेशनच्या हळूहळू होणाऱ्या ऱ्हासासाठी वापरली जाते. इथे ऱ्हास नाही, पॉप्युलेशन सुधारतंय, जोरात सुधारतंय, आणि त्या सुधारण्याच्याच ओघात तोटाही पदरात पाडून घेतंय. माझ्यासाठी या प्रकरणातली सगळ्यात मोठी गोष्ट ही आहे. अनुकूलन आणि बिघाड या दोन वेगळ्या वाटा नाहीत, रिकॉम्बिनेशन नसेल तर एकच गाडी दोन्ही घेऊन जाते.

शंका घ्यायच्या त्या

पहिली शंका कुणालाही यावी अशी. मेटिंग, उपासमार, स्पोर होणं, परत उगवणं, हे सगळं म्हणजे पेशीवर आणखी एक परीक्षा आहे. फरक रिकॉम्बिनेशनमुळे पडला की या जास्तीच्या परीक्षेमुळे? या शंकेला उत्तर द्यायला मला मॅथ्यू गॉडर्ड, चार्ल्स गॉडफ्रे आणि ऑस्टिन बर्ट यांचा २००५ चा प्रयोग आठवतो, तोही यीस्टवरच. त्यांनी दोन जीन्स काढून टाकली, एसपीओ११ आणि एसपीओ१३. पहिलं रिकॉम्बिनेशनसाठी डीएनएला मुद्दाम काप देतं, दुसरं नसलं की मायोसिसचं दोनदा होणारं विभाजन एकदाच होतं. परिणाम असा की ही पेशी उपाशी राहते, स्पोर करते, सगळ्या हालअपेष्टा भोगते, पण आत डीएनएची अदलाबदल होत नाही, बाहेर पडतात ते मूळ पेशीसारखेच दोन स्पोर. यापेक्षा प्रामाणिक तुलना मला तरी सुचत नाही. आणि निकाल? आरामाच्या वातावरणात दोघांत फरक नाही. जास्त तापमान आणि खारट द्रव अशा कठीण वातावरणात रिकॉम्बिनेशनवाले पुढे. हा आराम आणि कठीण असा भेद महत्त्वाचा आहे, जिथे जुळवून घ्यायला फारसं शिल्लकच नाही तिथे रिकॉम्बिनेशन तरी काय वेगवान करणार.

दुसरी गोष्ट शंका नाही, गुंतागुंत आहे. ग्रेगरी लँग, अँड्र्यू मरे आणि डेव्हिड बॉटस्टाइन यांनी २००९ मध्ये दाखवलं की मेटिंगची यंत्रणा बंद पाडणारी म्युटेशन्स पेशीला वाढीत साधारण २ टक्क्यांचा फायदा देतात, कारण न लागणारी जीन्स चालू ठेवायचा खर्च वाचतो. म्हणजे ज्या लाइनला मेटिंगची गरज नाही तिथे निवड स्वतःच मेटिंगची क्षमता मोडायला निघते! दोन टक्क्यांसाठी पुढची सगळी वाट बंद. निवडीला पुढचं दिसत नाही हे आपण म्हणतो, त्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. जिथे दर ठरावीक पिढ्यांनी मेटिंग करावंच लागतं तिथे असा म्युटंट त्या पायरीवर गळतो, ते ठीक, पण तिथे मेटिंगची सक्ती बाहेरून माणसाने केलेली आहे. म्हणून या प्रयोगातून रिकॉम्बिनेशनचा फायदा काय ते कळतं, सेक्स निसर्गात टिकून कसा राहिला ते नाही कळत. हे दोन प्रश्न लोक सर्रास एकत्र करतात, करू नयेत. फायदा वंशाला हजार पिढ्यांनी मिळतो, खर्च पेशीला आज भरावा लागतो.

पॉप्युलेशनच्या आकाराबद्दल वर म्हटलं होतं की मोठ्या पॉप्युलेशनमध्ये नासाडी जास्त. मग सेक्सचा फायदाही तिथेच जास्त दिसायला हवा. निक कोलग्रेव्ह यांनी २००२ मध्ये क्लॅमिडोमोनस या एकपेशी शेवाळावर हेच तपासलं आणि तसंच आढळलं. वेगळा जीव, वेगळी प्रयोगशाळा, कारण तेच. असं झालं की विश्वास बसतो.

आणि जमलेली जोडी मोडण्याचा आक्षेप? तो संपलेला नाही. या प्रयोगात सुरुवात एकाच पूर्वजापासून होती, सगळी म्युटेशन्स नवीकोरी, आणि त्यांचे फायदे बऱ्यापैकी सुटे सुटे मोजता येणारे. जिथे अनेक जीन्स पिढ्यानपिढ्या एकमेकांशी जुळून बसलेली असतात, एक असेल तरच दुसऱ्याचा उपयोग, तिथे अदलाबदल महाग पडते, आणि निसर्गात अशा ठिकाणी क्रोमोसोमचा तुकडाच उलटा बसून त्या भागापुरतं रिकॉम्बिनेशन बंद पडलेलं सापडतं. तेही निवडीनेच टिकवलेलं. म्हणून रिकॉम्बिनेशन जितकं जास्त तितकं चांगलं असं मी म्हणणार नाही.

राहिला ९० चा आकडा. रानातलं यीस्ट इतक्या वेळा मिसळत नाही, परक्या वंशाशी मेटिंग होणं तर फारच क्वचित, हजारो पिढ्यांत एखाद वेळा. मघाच्या हिशोबाने बघायचं तर तिथे ५ टक्क्यांच्या म्युटेशनची चढण केव्हाच संपलेली असणार आणि नळे गाड्याला बांधलेलेच मुक्कामी पोचलेले असणार. पण मग जेव्हा दोन दूरचे वंश भेटतात तेव्हा दोन्हीकडे साठलेलं सगळं, चांगलं आणि वाईट, एकाच मायोसिसमध्ये पिसलं जातं, आणि त्यातून निघणारे स्पोर दोन्ही आईबापांपेक्षा कितीतरी सरस किंवा कितीतरी वाईट असू शकतात. वारंवार थोडं थोडं मिसळणं आणि युगायुगांनी एकदा मोठं मिसळणं, यांचा परिणाम सारखा नसणार हे उघड आहे. सगळं तेच ठेवून फक्त मेटिंगमधलं अंतर बदलत न्यायचं, ३०, ९०, ३००, १०००, आणि कुठल्या अंतराला तोट्याची म्युटेशन्स पुन्हा शेवटपर्यंत पोचायला लागतात ते बघायचं, असा प्रयोग मला मनापासून बघायला आवडेल.